पूर्णपणे सहमत

सत्त्याण्णव टक्क्यांवर रुबीनाला बाहेर काढलं. 'क्षमस्व, आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही.'

पंचवीस मिनिटं शांपूवर मत देऊन झाल्यावर त्यांना हे सुचलं होतं. तिनं फोन गादीवर आपटला.

बक्षिसाच्या आशेनं भरलेला आठवड्यातला हा सहावा सर्वे. शाहूपुरीतल्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं आणि घरी येऊन ही डोकेफोड. लग्न झालंय का? नाही म्हटलं, बाहेर. नोकरी करता का? हो म्हटलं, बाहेर. एकानं तर नाव विचारून घेतलं आणि मगच घालवलं.

"खरं कशाला सांगत बसतीस?" लॅबमधली आफशीन म्हणाली. "त्यास्नी काय पायजे ते वळखायचं आणि तेच दाबायचं. मला मिक्सर मिळाला की."

रविवारी भावानं, तौसीफनं, एक लिंक पाठवली. "दोस्ताचा सर्वे हाय. पुरा भर, मधी सोडू नको."

पहिले चार प्रश्न चहापावडरीचे होते. पुढं गाडी भलतीकडंच गेली. एकत्र कुटुंबात राहायला आवडेल का? पहाटे पाचला उठता का? दहा माणसांचा स्वयंपाक जमतो का?

चहाचा आणि याचा काय संबंध? रुबीनाचं डोकं तापलं. पण आज बाहेर पडायचं नव्हतं. घरात बसणाऱ्या बाईचंच मत यांना हवं असणार, हे तिनं ताडलं.

'लग्नानंतर नोकरी सोडाल का?'

लॅबची नोकरी मिळवायला तिला तीन वर्षं लागली होती. बोट क्षणभर अडखळलं. मग तिनं दाबलं: पूर्णपणे सहमत.

'सासरी लहान गावात राहाल का?' पूर्णपणे सहमत.

शंभर टक्के. 'अभिनंदन!' पहिल्यांदाच तिचं कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती कामावरून आली, तर अम्मी मिठाईचा पुडा सोडत होती.

"गडहिंग्लजवाल्यांचा होकार आला गं. आम्ही जबान दिली."

"कोण गडहिंग्लजवाले? मला कुणी बघितलं न्हाय, काय विचारलं न्हाय."

"विचारलं की, चांगले चाळीस प्रश्न," तौसीफ शांतपणे म्हणाला. "समोर बसवून विचारलं की पोरी खोटं सांगत्यात, म्हणून नवरदेवानं, माझ्या दोस्तानं, सर्वेच पाठवलाता."