मोकळ्या गोदामाचा दाखला

हवेतला विषारी वायू मोजणारा मीटर अडीचवर थांबला होता. शून्य पूर्णांक तीन दशांशाच्या खाली आल्याशिवाय माणूस आत सोडायचा नाही, असा नियम. प्रतिक्षाने दारात बांधलेली दोरी तशीच ठेवली.

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतलं ते पशुखाद्याचं गोदाम. मक्याला कीड लागली म्हणून गोळ्या ठेवून, ताडपत्रीखाली सहा दिवस विषारी वायू कोंडला होता. सकाळी ताडपत्र्या काढल्या, पंखे लावले. पण वारा पडलेला. वायू निघून गेल्याचा दाखला प्रतिक्षाने द्यायचा होता.

मॅनेजर इंद्रजित तिसऱ्यांदा आला. ट्रक खोळंबलेत, वास तर केव्हाच गेला, तुमचं मशीनच बिघडलंय, असं हमालांसमोर म्हणाला. प्रतिक्षाचा तोल सुटला.

"एवढी खात्री आहे, तर दहा मिनिटं आत उभे राहून दाखवा. मग करते सही."

तो माघार घेईल असं तिला वाटलं. तो दोरीखालून आत गेला. दाराजवळच्या थप्पीपाशी हाताची घडी घालून उभा राहिला. दहा मिनिटांनी हसत बाहेर आला.

हा वायू माणसाला लगेच पाडत नाही, आतल्या थप्प्यांमध्ये तो जास्त साचतो, असं ती सांगू लागली. कुणी ऐकलं नाही. टोळीचा मुकादम म्हस्कू शांतपणे म्हणाला, "ताई, तुमीच म्हणला हुता."

तिने सही केली. चौदा हमाल आत गेले.

तीन तासांनी इंद्रजितला ऑफिसात उलट्या सुरू झाल्या. प्रतिक्षा गोदामाकडे धावली. तिघे जण डोकं धरून पोत्यांवर बसले होते. तिने ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं. मोजले, तर तेरा भरले. म्हस्कू अगदी मागच्या बोळात सापडला. श्वास चालू होता.

इंद्रजित तिसऱ्या दिवशी इंदापूरच्या दवाखान्यातून घरी गेला. म्हस्कू त्याच पहाटे गेला.

दवाखान्याच्या पायरीवर त्याची बायको सारजा बसली होती. प्रतिक्षा समोर जाऊन उभी राहिली. तिला सगळं कबूल करायचं होतं. सारजाने सरकून तिला बसायला जागा केली.

"तुमीच का मीटरवाल्या ताई? आमचं मालक निघताना म्हणालं हुतं, आज त्या ताई हायत, आज भ्या न्हाय."