पाठमोरे अण्णा

"मी ते बोलणार म्हणजे बोलणार," असं म्हणत थोरलीने कागदाची घडी घातली.

"ताई, अगं शोकसभा आहे ती," धाकटा वैतागला. "लोक अण्णांबद्दल चार चांगले शब्द ऐकायला येणार. तुझं तीस वर्षांपूर्वीचं भांडण कशाला उकरतेस?"

"अण्णांचा मोठेपणा सांगायचा तर माझा हलकटपणा सांगावाच लागेल. त्याला इलाज नाही."

धाकट्याने आईकडे पाहिलं. आई भाजी निवडत होती.

अण्णांना जाऊन दोन आठवडे झाले होते आणि घरात माणसांची रीघ काही थांबत नव्हती. घड्याळजीचा धंदा एकट्याने मान खाली घालून करायचा, पण अण्णांना माणसांवाचून करमत नसे. घरात पाय टाकला की आधी सगळ्यांना दिव्याखाली बसवत, आपण समोर बसत आणि आज काय काय झालं ते एकेकाकडून काढून घेत. त्यांचा आवाज असा खणखणीत, की ते हळू बोलले तरी शेजाऱ्यांना कळे. वीज गेली की मात्र गप्पा बंद. "अंधारात काय बोलायचं, झोपा आता," म्हणून ते आडवे होत.

सलूनवाला तर काल हसता हसता रडला. कुणाच्या मिशा ओठांवर आलेल्या दिसल्या, की अण्णा त्याचा हात धरून त्याला सलूनच्या खुर्चीत आणून बसवत. "हे झुडूप आधी छाट, मग आम्ही बोलतो." फोनचं तर त्यांना वावडंच होतं. "तारेवरून कसल्या गप्पा? घरी या!" म्हणत. लोकही येत. जावई पहिल्यांदा आला तेव्हा अण्णा तासभर त्याच्या तोंडाकडे टक लावून बसले होते. बिचारा घामाघूम झाला आणि मग जन्मभर अण्णांचा भक्त होऊन राहिला.

हे सगळं थोरलीने लिहिलं होतं. पण कागदाच्या तळाशी जे होतं, त्याने तीस वर्षं तिचा घास गोड होऊ दिला नव्हता.

एकोणीस वर्षांची होती ती. परगावी शिकायला जायचं होतं आणि अण्णा ऐकेनात. घरातलं माणूस घराबाहेर राहणार ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. शेवटी ती तरातरा दुकानात गेली आणि दारातूनच म्हणाली, "तुमच्यासारखा बाप असण्यापेक्षा बाप नसता तर बरं झालं असतं."

अण्णा पाठमोरे बसले होते, एका डोळ्याला भिंग लावून. त्यांनी मान तेवढी वर केली, वळले नाहीत. ती रडत घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची ट्रंक अण्णांनी स्वतः उचलली आणि बस थांब्यापर्यंत नेली. वाटेत भेटेल त्याला, "लेक शिकायला चाललीय!" निघताना स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात बांधलं. आदल्या दिवसाचा एक शब्द नाही. तेव्हाही नाही आणि पुढे कधीच नाही.

"एवढं ऐकून घेतलं त्यांनी," थोरली आईला म्हणाली, "आणि मी साधी माफीसुद्धा मागितली नाही. आज चारचौघांत मागणार."

आईने भाजीचं ताट बाजूला सारलं.

"तू बोललीस तेव्हा ते वळले होते का?"

"नाही म्हटलं ना. पाठ होती माझ्याकडे."

"मग फाड तो कागद." आईने पदराला हात पुसले. "त्यांनी काही ऐकलेलं नाही. लग्नाच्या आधीच तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते."

धाकट्याच्या हातातला कप तसाच राहिला.

"समोरच्याच्या ओठांवरून कळायचं त्यांना. फक्त मला ठाऊक होतं. शपथ घातली होती मला. ज्याला टिकटिक ऐकू येत नाही, त्याच्याकडे घड्याळ कोण दुरुस्तीला देईल, म्हणायचे."

"पण मग दुसऱ्या दिवशी मला जाऊ कसं दिलं?"

"त्यांचं त्यांनाच पटलं असेल. उगाच स्वतःला कोसत बसू नकोस, बाळ."

थोरली आधी हसली, मग ढसाढसा रडली आणि कागदाचा तळ तिने फाडून टाकला. तीस वर्षांचं ओझं एका घटकेत उतरलं होतं. वरचा भाग, दिव्याचा आणि मिशांचा, तिने नीट घडी करून ठेवला.

चार वाजता दोघं बहीणभाऊ दुकानात गेली. सभागृहात अण्णांच्या फोटोजवळ त्यांचं भिंग ठेवायचं होतं. धाकट्याने कुलूप काढलं आणि तो दारातच थांबला. आत जायचा त्याला धीर होईना.

दुकान होतं तसंच होतं. टेबल, चिमटे, डब्या आणि टेबलाच्या वर भिंतीला टांगलेला तो जुना आरसा. शाळेत जाताना थोरली त्यात बघून वेण्या घालायची. घड्याळाच्या दुकानात आरसा कशाला म्हणून कुणी विचारलं, की अण्णा म्हणत, "गिऱ्हाइकांना भांग पाडायला!"

ती पहिल्यांदाच त्यांच्या स्टुलावर बसली. खण उघडून भिंग घेतलं, तळहातावर धरलं. तेवढ्यात बाहेरून ट्रक धडधडत गेला आणि दुकानातल्या सगळ्या काचा थरथरल्या. तिने मान वर केली.

"हो, माहीत आहे उशीर होतोय. आलेच," ती पाठमोरीच म्हणाली.

"तुला ऐकू गेलं?" ट्रक दूर गेल्यावर धाकट्याने विचारलं. "एवढ्या आवाजात?"

समोरच्या आरशात, दारात उभ्या असलेल्या धाकट्याचे ओठ तिला लख्ख दिसत होते.