वखारीमागचं फर

"डहाळीवरची एक सुई चिमटीत धर आणि फिरवून बघ," डॉक्टर म्हणाले. "फिरते का?"

वखारवाल्याच्या मुलीने बघितली. "नाही फिरत, काका. चपटी आहे."

"मग हे फरचं झाड. स्प्रूसच्या झाडाची सुई चौकोनी असते, पेन्सिलीसारखी फिरते बोटांत."

त्यांनी डहाळी उलटी केली. प्रत्येक सुईच्या पाठीला दोन पांढरे पट्टे. वर शेंड्याजवळ फळं ताठ उभी होती. स्प्रूसची खाली लोंबतात. शंकेला जागा नव्हती. आणि डॉक्टर तर, हे झाड स्प्रूस निघावं म्हणून वाटभर देव पाण्यात घालून बसले होते.

ते माणसांचे डॉक्टर नव्हेत. वन खात्यात तीस वर्षं झाडांचे रोग तपासले, म्हणून डॉक्टर. खात्यात म्हणत, याने ज्या झाडावर शंका घेतली ते दोन वर्षांत वाळलंच म्हणून समजा. डॉक्टरांना त्या नजरेचा अभिमान होता.

चौदा वर्षांपूर्वी समोरच्या उतारावरची त्रेसष्ट फर झाडं वाळली. सालीखाली काळी बुरशी निघाली. ती आली कुठून? डॉक्टरांनी अहवालात लिहिलं, वखारीत बाहेरून आणलेल्या, साल न सोललेल्या ओंडक्यांतून. वखार बंद झाली. आणि वखारवाला म्हणजे त्यांचा जिवाभावाचा दोस्त.

चौकशीच्या दिवशी तो मांडीवर जेवणाचा पितळी डबा घेऊन बाकावर बसला होता. साहेबांनी विचारलं, काही म्हणायचंय का. त्याने डॉक्टरांकडे बघितलं आणि म्हणाला, "तुझी खात्री आहे ना?" डॉक्टर हो म्हणाले. त्याने सही केली, डबा उचलला आणि निघून गेला. त्या दिवशी तो जेवलाही नाही, हे डॉक्टरांना आजही सलत होतं. पुढे दोघांत एक शब्द बोलणं झालं नाही.

मागच्या महिन्यात वखारवाला गेला. काल त्याच्या मुलीचा फोन आला. "बाबा शेवटी म्हणाले, डॉक्टरला बोलाव, मागचं झाड तपासून घे."

डॉक्टरांची रात्रीची झोप उडाली. ओंडके याच झाडाला टेकवून रचलेले असत. बुरशी त्यांतून आली असेल, तर पहिला बळी याचा जायला हवा होता. वखारीतली माणसं त्याला स्प्रूस म्हणत, आणि स्प्रूसला ही बुरशी लागत नाही. म्हणून वाचलं, असं डॉक्टरांनी धरून ठेवलं होतं. एक सुई फिरवायचं काम. अहवालाआधी घाई होती आणि अहवालानंतर त्या दारात जायला तोंड नव्हतं.

फर तर निघालं. आता ते आजारी निघावं, एवढीच आशा उरली. आयुष्यभर झाडं जगवायला धडपडलेल्या माणसाने एका झाडाचं वाईट चिंतावं, याची त्यांना लाज वाटली.

त्यांनी बुंध्याशी बसून खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा भुसा शोधला. नव्हता. सुयांवर तांबेरा नव्हता, सालीवर किडीची पांढरी लोकर नव्हती, राळ गळत नव्हती. लाकडी हातोडीने खोडावर ठोकलं. आवाज घट्ट आला. चाकूने सालीचा टवका काढला, तर आत ओली, पांढरी स्वच्छ.

डॉक्टर चाकू टाकून मुळीवर टेकले.

"काय झालं, काका? वाईट आहे का?"

"नाही गं पोरी. ठणठणीत आहे, तेच वाईट आहे. तुझ्या बापाचा काही दोष नव्हता. मी चुकलो. जित्याजागत्या माणसाचा धंदा बसवला आणि चौदा वर्षं त्याला तोंडही दाखवलं नाही."

तिने खाली पडलेला सालीचा टवका उचलला.

"उद्याच खात्याला लिहितो. मेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग म्हणा. पण लिहितो. मग ती बुरशी आली कुठून, हे काही मला कळत नाही."

ते उठले. लिहायचं तर आतल्या लाकडाचा पुरावा हवा. त्यांनी पिशवीतून पोकळ गिरमिट काढलं. खोडात फिरवलं की आतून काडीएवढं लाकूड बाहेर येतं, त्यावर झाडाचं वय कळतं आणि रोगही. उतारावर दरवर्षी ते याच गिरमिटाने तपासणी करायचे. आधी आजारी झाड, म्हणजे रोगाचा रंग डोळ्यांत राहतो. मग आजूबाजूची धडधाकट. तपासलेल्या झाडावर पत्र्याचा नंबरी बिल्ला ठोकायचा, गिरमिट पँटला पुसायचं आणि पुढचं झाड. त्यांच्या प्रत्येक पँटची उजवी मांडी काळी व्हायची. बायको म्हणायची, नोकरी तुमची आणि धुणं माझं.

सवयीने त्यांनी गिरमिट मांडीवर पुसलं आणि टोक सालीला लावलं.

मुलीने मध्ये हात घातला. "ते नको, काका. बाबांनी बजावलंय. बाकी सगळं तपासू दे, गिरमिट तेवढं लावू देऊ नकोस."

"का?"

ती घरात गेली आणि दोन्ही हातांनी एक डबा घेऊन आली. "झाड बघून झालं की हा तुम्हाला द्यायला सांगितलाय."

पितळी डबा. डॉक्टरांनी तो लगेच ओळखला. हातात घेतला तर चांगलाच जड होता. त्यांनी झाकण काढलं. आत पत्र्याचे बिल्ले होते, काठोकाठ. नंबर त्यांच्याच हातचे.

"उतारावरच्या वाळलेल्या झाडांवरचे आहेत," मुलगी म्हणाली. "त्रेसष्टच्या त्रेसष्ट. बिल्ला नसलेलं एकही झाड वाळलं नव्हतं."

डॉक्टरांनी गिरमिटाकडे बघितलं, मग मांडीवरच्या डागाकडे. त्यांनी झाकण परत लावलं.

"हे त्याने कधी गोळा केले?"

"चौकशीच्या आदल्या दिवशी."