प्रथम मदत कोणाची

राजश्री सिस्टर धावत वॉर्डात पोचली, तोवर पिंकीची फिट येऊन गेली होती.

शिरूरच्या त्या खाजगी दवाखान्यातल्या चारही सिस्टरांना क्वालिटी ऑफिसर गोकुळ सरांनी वरच्या हॉलमध्ये बसवलं होतं. फिटच्या पेशंटला एकटं सोडायचं नाही, हे शिकवायला. शिकवणं वीस मिनिटांत उरकलं. फोटोला पाऊण तास लागला, कारण मागचा बॅनर सारखा वाकडा होत होता. तेवढा वेळ खाली वॉर्डात कोणीच नव्हतं.

पिंकी कुशीवर पडली होती. राहू गावाहून तिच्यासोबत आलेली आई, चांगुणा, तिची लाळ पुसत होती.

"साडेतीन मिन्टं चालली, घड्याळ बघून सांगते," ती म्हणाली. "आधी उजवा हात, मग समदं अंग. म्याच कुशीवर वळवली. तोंडात काय बी घातलं न्हाई."

मागून गोकुळ सर आले. त्यांनी पिंकीकडे पाहिलंच नाही, फिटच्या नोंदीचा कोरा फॉर्म पाहिला.

"लिहा, एका मिनिटात सिस्टर हजर. उद्या पुण्याहून तपासणी आहे. आपला स्कोअर शंभर टक्के आहे, तो घालवू नका."

आणि ते फोटो पाठवायला निघून गेले.

राजश्रीनं आजवर असं 'एक मिनिट' कितीदा तरी लिहिलं होतं. बाथरूममध्ये पडून डोकं फुटलेल्या पेशंटच्या फायलीतसुद्धा. आज तिला स्वतःचीच किळस आली. चांगुणानं सांगितलं तसंच तिनं लिहिलं. 'प्रथम मदत कोणाची' या रकान्यात लिहिलं, चांगुणा.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या मॅडम वॉर्डातल्या टेबलाशी बसल्या. एकामागून एक फायली उलटत गेल्या. सगळीकडे एक मिनिट. पिंकीच्या फायलीवर त्या थांबल्या.

"अख्ख्या दवाखान्यात ही एकच नोंद खरी वाटते. फिट कुठून सुरू झाली, किती चालली, काय केलं, सगळं आहे. या चांगुणा सिस्टरांना बोलवा."

गोकुळ सरांना सिस्टरांची नावं कधीच ठाऊक नव्हती. उत्तर मात्र तयार असायचं.

"त्या आज रजेवर आहेत, मॅडम. मीच ट्रेन केलंय त्यांना."

राजश्री बोलायला पुढे झाली, पण त्याआधी पिंकीच्या खाटेजवळून आवाज आला.

"चांगुणा मीच हाय, बाई. हिची आई. आठ वरसं झाली हिच्या फिटांना, मला रजा कोण देतंय?"