टँगोवरची साखळी

तारपा वाजवणारा मधु आजारी पडला, म्हणून गोकुळसरांनी पाड्यावरच्या बायांच्या तारपा नाचाच्या सरावाला मोबाइलवर वाद्यवृंदाचा टँगो लावला. गाण्याच्या नावाखाली लिहिलं होतं : वेग एकशे वीस, पट्टी काळी चार, भाव हिंसक. सरांना हसू आलं. स्पीकर हातात धरून ते तारपावाल्याच्या जागी, रिंगणाच्या मधोमध उभे राहिले.

कमरेला हात गुंफून, लाडकीताईला पुढे ठेवून बायांची साखळी फिरू लागली. वेग वाढतच गेला. तळपाय फुटले, मातीत रक्ताचे ठसे उमटले. घाबरून सरांनी टँगो बंद केला.

पाय थांबले नाहीत.

"लाडकीताई, थांबा!"

"तारपा थांबल्याबिगर साखळी सुटत नाय, सर."

"अहो, बंद केलाय मी!"

"मंग आमाला ऐकू येतंय ते काय?"

रिंगण आवळत आलं. सरांची पहिली बरगडी मोडली, ती नेमकी समेवर.