हत्यारांची भिंत

ती घरच्या घरी फर्निचर बनवायची, आणि तिचा नवरा म्हणजे खिळा ठोकताना स्वतःचंच बोट ठेचून घेणारा कारकून. अर्धांगवायूने तिचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून तो रोज दवाखान्यात तिच्या उशाशी बसून एकच सांगायचा, "डॉक्टर म्हणालेत, सहा महिन्यांत हात पहिल्यासारखा होईल."

घरी आणलं त्या दिवशी त्याने तिची व्हीलचेअर थेट मागच्या खोलीत, कामाच्या टेबलापाशी नेली.

"तुझा पसारा आवरून ठेवलाय," तो म्हणाला. "चार रविवार लागले."

पटाश्या लहानमोठ्या अशा ओळीने टांगल्या होत्या. करवतींना तेल लावलं होतं, ड्रिल मशीनची वायरसुद्धा नीट गुंडाळलेली होती. तिला गलबलून आलं. मग तिचं लक्ष उजवीकडच्या भिंतीकडे गेलं. वर्षानुवर्षं तिची हत्यारं तिथेच असायची. आता ती भिंत रिकामी होती. हातोडीपासून ड्रिलपर्यंत सगळं डावीकडे आलं होतं, डावा हात पोचेल इतक्याच उंचीवर.

"आवडलं का?" त्याने विचारलं.

"छान लावलंयस," ती म्हणाली. 

मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "आता डॉक्टर खरं काय म्हणाले, ते सांग."