एक मणी

तपासणी यंत्राच्या पडद्यावर सोनं दिसलं, तेव्हा केतकीला वाटलं यंत्रच बिघडलं. तिनं नमुना घासूनपुसून पुन्हा ठेवला. पुन्हा सोनंच. लढाऊ विमानांसाठी मागवलेलं अतिशुद्ध अ‍ॅल्युमिनियम होतं ते. परदेशातून येणं बंद होण्याआधी हाती लागलेलं शेवटचं. त्यात नको त्या धातूचा कणसुद्धा चालणार नव्हता.

ती तडक भट्टीवर गेली. निवृत्तीकाका ओतारी सकाळी ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या विटेपाशी उभे होते.

"काका, भट्टीत काही पडलं का?"

"पडलं नाही मॅडम, मीच टाकलं," काका खुशीत म्हणाले. "आमच्यात देवळाची घंटा ओतताना घरचं सोनं टाकतात. ही गेल्यावर हिच्या मंगळसूत्रातला एक मणी जपून ठेवला होता. पोरगा ह्याच विमानांवर आहे ना! म्हटलं, आईचं काहीतरी त्याच्यासोबत असू दे."

केतकी आवाज चढवणार होती, पण त्यांचा चेहरा बघून तिचं अवसानच गळालं. हा माल आता बाद, विमानाला चालणार नाही, एवढंच तिनं कसंबसं सांगितलं.

काकांनी विटेवर हात ठेवला.

"मग तेवढा मणी तरी परत काढून द्या, मॅडम. तिचं तेवढंच उरलंय."

"नाही निघत, काका. तो आता सगळ्या विटेत पसरलाय."

वीट न्यायला भंगाराची गाडी दाराशी येऊन थांबली. काकांचा हात अजून त्या कोमट विटेवरच होता. हात काढा म्हणायला कुणाची जीभ रेटेना.